सारवलेली टेबलं

लोणावळा,
४ ऑक्टोबर १९७०

ती. इंदूअक्कास,
त्र्यंबकचा शिरसाष्टांग नमस्कार.

निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना तू आंदर मावळातली शाळा मागून घेतलीस, हे ऐकून मी हसलो. आपल्या घराण्यात सरळ वाटेनं जाणं कुणाला जमलेलं नाही. माझंच बघ. मुंबईच्या कारखान्यात दहा वर्षं रेझीनच्या होड्या आणि टाक्या ओतल्या, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी लोणावळ्यात मागच्या पडवीत बसून पेपरवेट ओततो आहे.

रेझीन म्हणजे काय, असं तू मागे विचारलं होतंस. मधासारखा दाट द्रव असतो, वासाला उग्र. त्यात हार्डनरचे चार थेंब टाकले की वीसेक मिनिटांत खरवसासारखा आळतो आणि तासा-दोन तासांत दगड होतो. साच्यात ओतावं, रंग घालावा, पानफूल आत ठेवावं. इथले हवापालटवाले आठवण म्हणून घेऊन जातात. त्यांना चिक्की लागते तसं हेही थोडंफार लागतं.

आता मुद्द्याचं. इथले दत्तोबा खंडाळ्याच्या रस्त्याला नवं हॉटेल बांधताहेत. जेवणघरात तीस टेबलं, आणि प्रत्येकावर रेझीनचा तक्ता हवा आहे. माणूस गावाकडचा, पण नजर मोठी चोखंदळ. मी नेलेला तुकडा त्यांनी उलटासुलटा केला आणि म्हणाले, "साठेसाहेब, असला काचेसारखा गुळगुळीत माल मुंबईत पैशाला पासरी. माझ्या टेबलावर गिऱ्हाईकानं हात ठेवला की हात तिथंच थांबला पाहिजे. संक्रांतीच्या आत चार नमुने दाखवा."

हे काम मिळालं तर मी इथं राहीन. नाही मिळालं तर संक्रांतीनंतर घराला कुलूप घालून भिलाईला यायचं, असं चिरंजीवांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. ही गेल्यापासून त्याचा तोच धोशा. भिलाईला मला काय काम? नातवाला शाळेत सोडायचं आणि चहा कधी येतो याची वाट बघायची. सून चांगली आहे, म्हणून तर जास्त भीती वाटते. चांगल्या माणसांच्या घरातून परत निघता येत नाही.

तर तुझ्या डोंगरातली नेच्याची पानं, सोनकीची फुलं, जे मिळेल ते पाठव. काहीतरी वेगळं केल्याशिवाय दत्तोबांचा हात थांबायचा नाही.

तुझा,
त्र्यंबक


करंजवाडी, आंदर मावळ,
१३ ऑक्टोबर १९७०

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद.

सोबतच्या करंडीत नेच्याची पानं, सोनकी आणि आणखी दोन-तीन प्रकारची रानफुलं आहेत. वाटेत कोमेजू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, वर केळीचं पान बांधून दिली आहेत. टाकव्यापर्यंत गावातल्या श्रीपतीनं डोक्यावरून नेली आणि तिथून यष्टीनं पुढे पाठवली. एवढी बडदास्त माझ्या ट्रंकेचीही ठेवली गेली नव्हती.

पानं मी तोडलेली नाहीत. सावित्राबाईनं तोडली. ही माझी शेजारीण. पावसाळ्यात भाताची लावणी, एरवी मिळेल ती मजुरी, आणि दर शनिवारी शाळा सारवण्याचं काम. पहिल्या दिवशी मला बघून म्हणाली, "बाई, तुमी म्हाताऱ्या हाईत. ह्या वयात हितं कशाला आलाव?" मी म्हटलं, शिकवायला. तर म्हणे, "मंग शिकवा." तेव्हापासून आमचं जमलं.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. भिलाईचा भाग ऐकून तिनं विचारलं, "भाऊंना तितं शेत हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग माणूस दिवसभर करनार काय?" याचं उत्तर तूच कळव.

जाऊ नकोस रे. मी सुट्टीत कुणाच्या घरी येऊन भांडायचं?

तुझी,
इंदूअक्का


लोणावळा,
२५ ऑक्टोबर १९७०

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुझी फुलं आली तेव्हा देवाला वाहावीत इतकी ताजी होती, आणि तिथंच घात झाला. अगं, रेझीनला पाण्याचा थेंब खपत नाही! मला वाळवून, वहीत दाबून कोरडी ठणठणीत झालेली फुलं हवी होती. हे मी लिहिलं नाही, चूक माझी. घाईनं तशीच पुसून आत ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सोनकी काळी पडली, नेच्याभोवती बुडबुडे धरले आणि तक्ता दुधाळ झाला. डोळ्यांत मोतीबिंदू व्हावा तसा.

मग पानफुलांचा नाद सोडला आणि नुसत्या पृष्ठभागाच्या मागे लागलो. साबुदाणा पसरून पाहिला, पुरळ उठल्यासारखा दिसला. काथ्या घातला, मेलेला उंदीर. फुटक्या बांगड्या घातल्या, त्या बऱ्या दिसल्या, पण जेवणाच्या टेबलावर काचा बघून दत्तोबांनी मला हाकललं असतं. मग जुन्या फणीनं रेघा ओढून पाहिल्या. लवकर ओढल्या तर मिटून पुन्हा सपाट, उशिरा ओढल्या तर सगळं फाटून कातडं निघतं. मधली एक वेळ असते, फार तर दीड-दोन मिनिटांची, तेव्हाच रेघ ओढली तर राहते. ती वेळ काही केल्या सापडत नाही. हवा दमट आहे, हार्डनर जुना आहे, काय काय कारणं असतील.

दिवाळीला ये म्हणणार होतो, पण घरभर वास आहे. शिवाय परवा डब्याच्या पत्र्यानं बोट कापलं, ते बांधून बसलो आहे. काळजीचं काही नाही.

तुझा,
त्र्यंबक


करंजवाडी,
१३ नोव्हेंबर १९७०

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

हे पत्र टपालानं नाही, खुद्द सावित्राबाईच्या हातून येतं आहे. तिचा भाऊ नवसू तुमच्याकडे रेल्वेत गँगमन आहे. त्याच्याकडे ती आठ दिवस राहणार आहे. ती दारात उभी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझं पत्र वाचून मला राग आला होता. दहा वर्षं जे काम केलंस त्याची वेळ तुला सापडत नाही? मला वाटलं, तुझं मनच त्यात नाही. मनातून भिलाईला जायला तयार झाला आहेस आणि हवेला बोल लावतो आहेस.

मग शनिवारी सावित्राबाईला सारवताना पाहिलं. एरवी दर आठवड्याला पाहते, पण त्या दिवशी तुझं पत्र डोक्यात होतं. ती आधी सगळी जमीन सपाट लिंपून घेते. मग थांबते. तंबाखू चोळते, माझ्याशी दोन शब्द बोलते, आणि मध्येच उठून चारी बोटांनी अर्धगोल ओढत सुटते. एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारखे. एकही रेघ मिटत नाही, एकही फाटत नाही. मी विचारलं, वेळ झाली हे तुला कसं कळतं? म्हणाली, "बोट लावलं की भुई वाईच धरून बघती. मंग समजायचं, आता."

त्र्यंबक, तुला हवी ती हीच वेळ ना? तिला तुझं रेझीन दाखव. तिच्या हाताला कळलं तर कळलं. चहा गुळाचा दे, साखरेचा तिला पाणचट लागतो.

इंदूअक्का


लोणावळा,
२४ नोव्हेंबर १९७०

ती. अक्कास नमस्कार.

आधी चांगलं सांगतो.

तुझी सावित्राबाई आली, पडवीत उकिडवी बसली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "भाऊ, ह्याच्यापरीस श्याण बरं." मी गेरूच्या रंगाचा एक घाणा कालवला आणि वीतभर साच्यात ओतला. रेझीनला उघडा हात लावू द्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. पण हातमोज्यात तिला काही कळेना. तेव्हा मला चिक्कीच्या पुड्यावरचा जिलेटीनचा कागद आठवला. तो रेझीनला चिकटत नाही. वरून अलगद पसरला आणि म्हटलं, आता कागदावरून हात लावा.

तिनं एक बोट टेकवलं. "न्हाई." मी घड्याळ बघत होतो. पुन्हा टेकवलं. "वाईच थांबा." मला तर काहीच फरक दिसत नव्हता. आणि मग एकदम "आता!" म्हणून तिनं चारी बोटं फिरवली. सर्रकन एक अर्धगोल, त्याला लागून दुसरा. अक्का, रेघा राहिल्या! तासाभरानं कागद सोलला तर खाली खवल्याखवल्यांचा तक्ता, आणि वर अशी झळाळी की मी तो अंगणातल्या उन्हात नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. कागदामुळे वारा लागत नाही म्हणून वरचा चिकटपणाही गेला. दहा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

असे तीन नमुने झाले. चौथ्याला मात्र घोटाळा झाला. तिनं कागद थोडा लवकर सोलला, मी हात धुवायला आत गेलो होतो, आणि परत येतो तो काय! बाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून रांगोळीची चिमूट त्या ओलसर तक्त्यावर टाकलेली. चार ठिपके आणि मध्ये एक रेघ. बोटानं काढायला गेलो तर आणखीच रुतली. रेझीनचा डबा संपलेला, नवा मुंबईहून यायला महिना, आणि दत्तोबांना दाखवायचे चार.

मी दोन शब्द बोललो. कुणीही बोललं असतं. ती उठून गेली. चहाही तसाच राहिला. नवसूकडे दुसऱ्या दिवशी गेलो, तर सकाळच्या गाडीनं गावाला परत गेल्याचं कळलं. इतकं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं? तू जरा समजावून सांग.

त्र्यंबक


करंजवाडी,
४ डिसेंबर १९७०

त्र्यंबक,

आज आशीर्वाद शेवटी. आले मनात तर.

तू काय बोललास ते तिनं सांगितलेलं नाही. मी तीनदा विचारलं, तिनं तीनदा विषय बदलला. म्हणजे ते दोन शब्द साधे नव्हते, एवढं मला कळलं. तूच सांग.

आणि रांगोळीचं तुला खरंच कळलं नाही? पुणेरी घरात वाढलास म्हणून काय झालं, आपल्या आजीच्या घरीही सारवल्यावर दोन बोटं रांगोळी पडल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. घरातून मयत गेलं की त्या दिवशी तेवढं कोरं सारवतात. कोरं सारवण पाहिलं की येणारा दारातच थबकतो. तिनं तुझ्या घरी हातानं सारवलं. तिच्या लेखी ते सारवणच होतं. बायको गेलेल्या माणसाच्या पडवीत ते कोरं ठेवायचं? तुझ्या घराला पुन्हा तसला दिवस येऊ नये म्हणून तिनं कनवटीला रांगोळी बांधून नेली होती रे. पहिले तीन कागद निघेपर्यंत दगड झालेले, त्यांच्यावर रांगोळी धरली नसती, म्हणून ती कशीबशी गप्प बसली. चौथा ओला असतानाच उघडा पडला तेव्हा तिला राहवलं नाही.

दुसरी गोष्ट तिनं आपणहून सांगितली आणि ती ऐकल्यापासून माझं शिकवण्यात लक्ष नाही. म्हणाली, "बाई, भाऊंचा हात निजलाय. चुलीवरनं उतरलेला चहाचा पेला त्यांनी नुसत्या हातानं धरला. मला पदरानं धरता येत नव्हता. आन् त्यांच्या बोटातनं रगत चाललेलं, त्ये म्या सांगितल्याव त्यांना कळलं."

हे खरं आहे का? असेल तर ते तिनं मला सांगावं? मी इथं बसून तुझं मन कामात नाही म्हणून तुला बोल लावत होते.

लगेच लिही.

इंदूअक्का


लोणावळा,
१२ डिसेंबर १९७०

ती. अक्कास,

खरं आहे.

कारखान्यात आम्ही सगळं उघड्या हातांनी करत होतो. रेझीन हाताला लागलं की थिनरच्या बादलीत हात बुडवायचे, पुसायचे, पुन्हा कामाला. दिवसातून वीस वेळा. पहिल्यांदा बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. दोन वर्षांपूर्वी सदऱ्याची बटणं लावताना बोटांना बटण कळेनासं झालं, तेव्हा नोकरी सोडली. तुला सांगितलं की मुंबईची हवा मानवत नाही. डॉक्टर म्हणाले, या द्रवापासून हात लांब ठेवा, कदाचित हळूहळू परत येईल, कदाचित नाही येणार. मी हात लांब ठेवले नाहीत, थिनरची बादली इथं पडवीतही आहे. दुसरं मला येतं काय?

चिरंजीवाला कळलं असतं तर तो दुसऱ्या गाडीनं मला घेऊन गेला असता. तुला कळलं असतं तर तू त्याला कळवलं असतंस. म्हणून हवा, हार्डनर, दमटपणा. ती मधली वेळ मला पूर्वी डोळे मिटून कळायची, अक्का. आता माझी बोटं तिच्यावरून नुसती जातात.

सावित्राबाईच्या बोटाला ती पहिल्या झटक्यात कळली. मला आनंद झाला हे खोटं नाही, पण आत कुठंतरी जळफळाटही झाला. तोच त्या चिमटीवर निघाला. मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण तू विचारलं आहेस. मी म्हणालो, "शेणात हात घालणाऱ्यांनी यात हात घालूच नये."

लिहिलं. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

मी दत्तोबांकडे अजून गेलेलो नाही. त्यांच्याकडे जाण्याआधी करंजवाडीला येतो. काम मिळो न मिळो, भिलाईला जावं लागलं तरी हे मागे ठेवून जायचं नाही. शनिवारी सकाळची गाडी धरून कामशेतला उतरतो, पुढे टाकव्यापर्यंत यष्टी, आणि मग तू सांगितलेली वाट. तिला आधी काही सांगू नकोस.

त्र्यंबक


लोणावळा,
४ जानेवारी १९७१

ती. अक्कास सा. नमस्कार.

तू मला निरोप देताना फार काही विचारलं नाहीस, हे तुझे उपकार. आता सांगतो, कारण तू आत तेराचा पाढा घेत होतीस आणि बाहेर काय झालं ते तुला दिसलं नाही.

मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि माफी मागितली. तिनं ऐकून घेतली. पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यालो. मग शेणकाल्याची पाटी माझ्यापुढे ढकलली आणि म्हणाली, "बसा, भाऊ. वसरी राह्यली हाय." अक्का, मी धोतर खोचून बसलो. शाळेची अर्धी ओसरी मी सारवली आहे, जिल्ह्यात कुणाला सांगू नकोस. माझे अर्धगोल वाकडेतिकडे, कुठे मिटलेले, कुठे फाटलेले. पाणी गार होतं की कोमट, तेही बोटांना कळत नव्हतं. ती शेजारी बसून एकेक दुरुस्त करत होती. कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाली, "आता सांगा भाऊ. श्याणात हात घालनाऱ्यानं कशात हात घालू न्हाई?"

मी हात वर केले, कोपरापर्यंत हिरवे. आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग मीही हसलो. शेवटी रांगोळीची पुरचुंडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "घाला. कोरं ठेवू नगा." ओसरीवरचे ते चार ठिपके तुला वाटले असतील तिचे. माझे होते.

काल दत्तोबांकडे गेलो. तीन नमुने वर ठेवले, चौथा खाली, चार सांगितले आणि तीनच आणले असं त्यांनी म्हणू नये म्हणून. त्यांनी तिन्ही पाहिले, मान हलवली, चांगलंय म्हणाले. मग चौथा उचलला. त्याच्यावर हात ठेवला आणि तो हात तिथून निघेना. मी म्हटलं, तो बिघडलेला आहे. म्हणाले, "साठेसाहेब, ही माझ्या आईची वसरी हाय. आई जाऊन सात वर्सं झाली. घर पाडून मीच तितं फरशी घातली." बराच वेळ हात तसाच. मग म्हणाले, "तीसच्या तीस अशीच. रांगोळीसकट. पाडव्याला उद्घाटन."

आणि त्या तिसांपैकी माझ्या हातून एकही व्हायचा नाही, हे तुला माहीत आहे. काम मिळालं आहे, आणि ते माझ्या हातात नाही. माफी मागून आलो त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले, आणि लगेच काम घेऊन तिच्या दारात जायचं! मला तोंड नाही. तू विचारशील? नाही म्हणाली तर तेवढ्यावर सोड. मी चिरंजीवाला पत्र टाकीन.

तुझा,
त्र्यंबक


करंजवाडी,
११ जानेवारी १९७१

चि. त्र्यंबकास अनेक अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

दत्तोबांच्या आईचं ऐकून सावित्राबाईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग मला म्हणाली, बाई, लिवा. खाली तिचंच लिहिते, मी एक अक्षर घातलेलं नाही.

"भाऊंना रामराम. म्या येते. भात झोडून झालंया, आता हितं काम न्हाई. नवसूकडं ऱ्हाईन. पर तुमी त्या चिकाला हात लावायचा न्हाई. पळीनं ओता, काठीनं हालवा, हातात ते रबराचं घाला. आन् ती वासाची बादली हाय ना, ती पडवीतनं आदी भायेर काढा, मगच म्या उंबऱ्यात पाय ठेवीन. लावायचं त्ये बोट कागदावनं लावा, न्हाईतर लावू नगा. माझ्या म्हशीला लकवा झालता, तिचा पाय आमी रोज चोळला. चार म्हैन्यानं टेकला तिनं. मानसाचा बी टेकंल."

म्हशीशी तुलना झाली म्हणून रागावू नकोस. तिच्याकडून याहून मोठा मान नाही.

मजुरी काय ती तिच्याशी तू बोल, पण मुंबईच्या कारागिराला देशील त्याच्या खाली एक पै नको. हे मात्र माझं आहे.

इंदूअक्का


लोणावळा,
१५ मार्च १९७१

ती. अक्कास सा. नमस्कार.

बादली गेली. ज्या दिवशी सावित्राबाई आली त्या दिवशी मी स्वतः बादली उचलून बाहेर ठेवली, आणि तेव्हाच तिनं उंबरा ओलांडला. तेव्हापासून दोन महिने माझ्या हाताला रेझीन लागलेलं नाही. हातमोजे, पळी, काठी. संध्याकाळी ती नवसूकडे जाताना तिळाच्या तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवते आणि मी बोटं चोळली की नाही ते दुसऱ्या दिवशी तेलाच्या पातळीवरून ताडते. तुझ्याशी तिचं इतकं का जमतं ते आता कळलं.

आज तेविसावा तक्ता झाला. तेवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

नेहमीसारखं मी ओतलं, तिनं कागद पसरला. ती पलीकडे बसली, मी अलीकडे. तिनं तिच्या बाजूनं बोट टेकवलं आणि "न्हाई" म्हणाली. मला आता सवय झाली आहे, तिच्यासोबत मीही कागदावर बोट टेकवतो. उगाच, देवळात घंटा वाजवावी तसं. रोज टेकवतो आणि रोज काही कळत नाही. आजही डाव्या हाताचं मधलं बोट टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं.

आणि अक्का, उचलताना कागदाखालून कुणीतरी बोट धरलं. फार हलकं. लहान मूल झोपेत बोट धरतं ना, तेवढंच. मी काही विचार केला नाही, तोंडातून निघून गेलं, "आता."

तिकडून त्याच क्षणी सावित्राबाई म्हणाली, "आता."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग तीच ओरडली, "भाऊ, बगत काय बसलाव, वेळ जाईल!" तिनं तिच्या बाजूनं बोटं ओढली, मी माझ्या. माझे दोन अर्धगोल वाकडे आले. ते तिनं दुरुस्त केले नाहीत. म्हणाली, असू द्या. तक्ता ओलसर असतानाच कागद सोलून तिनं रांगोळीची पुरचुंडी उघडून माझ्यापुढे धरली, आणि या तक्त्यावरचे ठिपके मी घातले.

उजवा हात अजून निजलेलाच आहे. डाव्याचंही ते एकच बोट, आणि उद्या पुन्हा कळेल की नाही, सांगता येत नाही. पण चिरंजीवाला मी आज लिहिलं की मे महिन्यात नातवाला घेऊन तूच इकडे ये. दत्तोबांच्या हॉटेलात तुम्हाला जेवायला नेईन.

तू पाडव्याला येच. खिडकीजवळचं टेबल, डाव्या कोपऱ्यातले दोन अर्धगोल वाकडे आहेत. त्यांच्यावर हात ठेव.

तुझा,
त्र्यंबक